निवाड्याच्या दिवशीचे प्रश्न

गुजरातेतली जुनी माणसं ‘छप्पनियो’ म्हणत, तो 1899-1900 चा दुष्काळ. त्या काळात पंडिता रमाबाईंनी तिथल्या अनाथ, निराधार मुलींना पुण्याजवळ केडगावच्या मुक्तिसदनात आसरा दिला. बायबलमध्ये सांगितलेल्या शेवटच्या निवाड्याचा अर्थ निराधारांना दिलेल्या अशा आसऱ्यातूनच उलगडतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायात धनी परगावी जाताना चाकरांकडे पैसा सोपवतो. एकाला पाच तालांत, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. तालांत म्हणजे पैशाचं एक मोठं वजनी माप. पहिले दोघे रक्कम दुप्पट करतात. कमाई वेगवेगळी, तरी शाबासकी मात्र अक्षरशः सारखीच! कारण इथे मोजली जाते ती निष्ठा. भीतीपोटी पैसा पुरून ठेवणारा तिसरा मात्र दोषी ठरतो.

त्याच अध्यायात पुढे राजा न्यायासनावर बसतो आणि मेंढरं-शेरडं वेगळी करावीत तशी माणसं वेगळी करतो. कसोटी काय? भुकेल्याला अन्न दिलंत का? परक्याला घरात घेतलंत का? आजाऱ्याची, कैद्याची विचारपूस केलीत का?

म्हणजे निवाडा शेवटच्या दिवशी असला, तरी त्याची तयारी आजच्या दारात उभी असते.