हातावेगळं काम
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



सेक्रेटरींनी मला पाच मिनिटं दिली आहेत. पंचवीस वर्षांचं कौतुक आधीच्या वक्त्यांनी मनापासून केलं, तेव्हा मी उरलेल्या कामाबद्दल बोलतो.

आपण म्हणतो, ‘काम झालं’. आणि कधी म्हणतो, ‘काम हातावेगळं झालं’. दोन्हींत फरक आहे. माझी सगळी नोकरी रस्त्या-पुलांच्या कामांवर गेली. पुलावरून गाड्या धावू लागल्या की लोकांच्या लेखी काम झालं. आमच्या लेखी नाही. मोजमाप पुस्तकातली शेवटची नोंद, अंतिम बिल, दोषदायित्वाचा काळ संपल्यावर ठेकेदाराची अनामत परत, आणि मग फाईल बंद. मध्येच साहेबांची बदली झाली, तर ज्याने काम पाहिलंच नाही त्याच्या गळ्यात ती फाईल पडायची.

आपल्या सोसायटीचंही तसंच आहे. इमारत उभी राहिली, लिफ्ट बदलली, रंग झाला. पण जमीन अजून बिल्डरच्याच नावावर! १९६३च्या मोफा कायद्याखालच्या नियमांप्रमाणे, करारात वेगळी मुदत नसेल, तर संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने कन्व्हेयन्स करून द्यायला हवा. अनेक ठिकाणी तो मिळाला नाही, म्हणून २००८च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची वाट मोकळी झाली. अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा. बिल्डरची सही नसली तरी चालतं.

मात्र एक लक्षात ठेवा. आदेश हातात आला की पेढे वाटून थांबायचं नाही. पुढे मुद्रांक शुल्काचा निर्णय, दुय्यम निबंधकांकडे दस्ताची नोंदणी, आणि शेवटी प्रॉपर्टी कार्डावर किंवा सातबारावर संस्थेचं नाव. ते नाव लागेल तेव्हाच काम हातावेगळं. उद्या इमारत नव्याने बांधायची वेळ आली, तर पहिला प्रश्न हाच येईल, जमीन कोणाची?

या अर्जाला नोंदणीकृत करार आणि इंडेक्स टू असे कागद लागतात. हे कागद कुठल्या कपाटात आहेत, हे आज आपल्या पिढीला ठाऊक आहे. उद्या मुलांना विचारलं तर ती कुठे शोधणार?

आता घरातलं. माणूस गेला की तेराव्याला दिवसकार्य आटोपतं, नातेवाईक आपापल्या गावी जातात. कागद मात्र मागे राहतात. आपल्याच इमारतीतल्या एका काकूंना शेअर सर्टिफिकेटवर नाव लागेपर्यंत दोन वर्षं हेलपाटे घालावे लागले. काकांनी नामनिर्देशन केलं नव्हतं. त्या मला म्हणाल्या, “दर खेपेला मृत्यूचा दाखला पुढे करायचा. ते गेले, हे किती वेळा सांगू?” दुःख एकदाचं शांत व्हावं, तर कागद ते होऊ देत नाहीत.

म्हणून नामनिर्देशनाचा अर्ज भरा. तोही नुसता देऊन थांबू नका. समितीच्या सभेत तो मांडला गेला, नोंदवहीत चढला आणि तुमची प्रत परत मिळाली, की मग झालं. शिवाय नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. घर कोणाला द्यायचं ते मृत्युपत्रात लिहा. मृत्युपत्र केलं म्हणून कोणी लवकर जात नाही!

नामनिर्देशनाचे कोरे अर्ज मागच्या टेबलावर ठेवले आहेत. जेवायला जाताना घरटी एक संच घ्या. कराराची आणि इंडेक्स टूची झेरॉक्स येत्या रविवारी सकाळी ऑफिसात आणून द्या. मी दहा ते बारा तिथेच बसणार आहे. ज्यांना जिना उतरणं जमत नाही, त्यांनी फोन करा, मी वर येईन.