झोपेचा हिशेब, घरच्या घरी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ज्येष्ठ नागरिकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांत आपल्या जनरल बॉडीने कशाकशावर ठराव केले! पाण्याची टाकी, गटार, रस्त्यावरचे दिवे, मोकाट कुत्री. झोपेवर मात्र एकही ठराव झालेला नाही. म्हणून आज कमिटीने मला वेळ दिला तेव्हा मी हाच विषय मागून घेतला. मी डॉक्टर नाही, बँकेतला माणूस आहे. पण या विषयात हिशेबाचा भाग बराच आहे आणि तो मला समजावून सांगता येईल, असं वाटतं.

आपल्या खान्देशात एक समजूत आहे. ‘माणूस घोरस म्हंजे त्याले गाढ झोप लागनी.’ एप्रिल-मे महिन्यात नरडाण्याच्या उकाड्यात आपण सगळे गच्चीवर झोपतो, तेव्हा कोणाच्या गच्चीवर कोणतं इंजिन चालू आहे हे चार घरांना ऐकू येतं आणि सकाळी त्यावर हसणं होतं. पण नीट ऐकलंत तर काहींचं घोरणं मध्येच एकदम बंद पडतं. दहा, वीस, कधी तीस सेकंद शांतता. मग हुंदका दिल्यासारखा मोठा आवाज आणि पुन्हा घोरणं सुरू. हसण्यासारखी गोष्ट घोरण्यात असेल, त्या शांततेत नाही. त्या वेळात त्या माणसाचा श्वास थांबलेला असतो.

याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, हवेची वाट बंद होते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मेंदू घाबरून माणसाला क्षणभर जागं करतो, वाट उघडते, पुन्हा झोप. हे रात्रीत शंभर-दोनशे वेळा झालं तरी सकाळी त्याला काहीच आठवत नाही. त्याला एवढंच कळतं की आठ तास झोपूनही अंग जड आहे, डोकं दुखतंय आणि दुपारी पेपर वाचता वाचता डोळा लागतोय. अशाने ब्लडप्रेशर गोळ्यांना दाद देत नाही, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, पक्षाघाताचा धोका वाढतो. रात्री तीन-तीन वेळा लघवीला उठावं लागणं हे आपण पुरुषमंडळी प्रोस्टेटच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. पुष्कळदा ती नोंद या खात्यातली असते. गायक-संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत गेले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी याच आजाराचं नाव सांगितलं होतं.

हा मोठ्या लोकांचा किंवा परदेशातला आजार आहे असं कोणी समजू नये. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले छातीविकारतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास केला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. हे कोणी आजारी म्हणून आलेले लोक नव्हते, नेहमीच्या तपासणीला आलेले होते. ६५८ जणांनी प्रश्नावली भरून दिली आणि त्यांपैकी २५० जणांची रात्रभराची झोप तपासली. निष्कर्ष असा की शंभरात साधारण साडेएकोणीस पुरुषांचा श्वास झोपेत प्रमाणाबाहेर अडत होता, आणि साडेसात जणांना त्याबरोबर दिवसा झोप येण्याचा त्रासही होता. आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे, ही २५० जणांची तपासणी त्यांच्या त्यांच्या घरी झाली. म्हणजे घरी झोप तपासण्याची गोष्ट आपल्या महाराष्ट्रात वीस वर्षांहून जुनी आहे.

आता लॅब आणि घर यांत फरक काय ते पाहू. लॅबमध्ये तुम्ही एक रात्र मुक्काम करता. डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला, छातीला, पायांना वायरी लावतात. मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, हृदयाचे ठोके, श्वास, ऑक्सिजन, पायांची हालचाल, सगळं नोंदलं जातं आणि टेक्निशियन रात्रभर लक्ष ठेवतो. घरच्या तपासणीत नाकाशी एक बारीक नळी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा आणि तळहाताएवढं यंत्र. बँकेच्या भाषेत सांगायचं तर लॅब म्हणजे पूर्ण ऑडिट आणि घरची तपासणी म्हणजे कॅश मोजणी. रोकड कमी भरली तर कॅश मोजणीत लगेच कळतं. पण रोकड बरोबर आली म्हणून सगळी खाती बरोबर आहेत, असं सर्टिफिकेट त्यावर देता येत नाही.

माझंच सांगतो. वय ७४, ब्लडप्रेशरच्या तीन गोळ्या आणि तरी आकडा खाली येईना. आमच्या मंडळींनी गच्चीवर माझा श्वास थांबलेला मोजला आणि मला न विचारता तो डॉक्टरांसमोर मांडला. डॉक्टर म्हणाले, झोपेची तपासणी करा. मोठ्या शहरातली लॅब, तिथला मुक्काम, आणि घरी मंडळींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्यांना रात्री एकटं ठेवणं शक्य नव्हतं. मग डॉक्टरांनी घरच्या तपासणीला हरकत नाही असं सांगितलं. पहिल्या रात्री बोटाचा चिमटा झोपेत निसटला आणि नोंद अपुरी आली. दुसऱ्या रात्री चिमट्यावर चिकटपट्टी लावली. त्या रात्री आपल्याकडची लाइट दोनदा गेली, पण यंत्र बॅटरीवर चालत असल्याने काही बिघडलं नाही. रिपोर्टमध्ये आकडा आला ३४.

हा आकडा कसला? श्वास पूर्ण किंवा अर्धवट अडण्याचे प्रसंग तासाला किती, त्याचा. त्याला एएचआय म्हणतात. मोठ्या माणसांत ५ च्या खाली ठीक. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० आणि त्यापुढे तीव्र. धंदेवाईक भाषेत माझं खातं थकबाकीत गेलेलं होतं. उपचार सुरू होईपर्यंत गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आपली सोसायटी मुंबई-आग्रा महामार्गाच्या काठाला आहे. स्टिअरिंगवर दोन सेकंद डोळा लागला तर काय होतं, हे इथे कोणाला सांगायला नको. नातवंडांना शिरपूरला सोडण्याचं काम तेवढे दिवस मुलाने केलं.

आता दुसरी बाजू. आपल्याच सोसायटीतल्या एका भगिनीची हकीकत त्यांच्या परवानगीने, नाव न घेता सांगतो. त्यांना दिवसभर झोप यायची. घरच्या तपासणीत आकडा १२.५ आला, म्हणजे सौम्य. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. डॉक्टरांनी मात्र विचारलं, ‘त्या रात्री झोप किती लागली?’ त्या म्हणाल्या, ‘यंत्राच्या धास्तीने तीन तास तर नुसती पडून होते.’ इथे हिशेब बघा. यंत्र चालू होतं आठ तास, प्रसंग झाले शंभर. शंभर भागिले आठ, साडेबारा. पण झोप झाली पाचच तास. शंभर भागिले पाच, वीस. सौम्यचं मध्यम झालं! घरचं साधं यंत्र मेंदूच्या लहरी मोजत नाही, म्हणून माणूस झोपलाय की छताकडे बघतोय हे त्याला नक्की कळत नाही. छेद मोठा झाला की उत्तर लहान येतं. डॉक्टरांनी त्यांना लॅबमध्ये पाठवलं आणि तिथे आजार मध्यमच निघाला. म्हणून लक्षणं ठळक असताना घरचा रिपोर्ट चांगला आला, तर फाइल बंद करू नका.

आणखी एक गृहस्थ आहेत. त्यांचं हृदय कमजोर आहे. त्यांना डॉक्टरांनी घरच्या तपासणीला सरळ नकार दिला. कारण अशा रुग्णांत कधी कधी घसा उघडा असतो, पण श्वास घेण्याची आज्ञाच मेंदूकडून सुटत नाही. तो प्रकार वेगळा, त्याचा उपचारही वेगळा, आणि तो नीट ओळखायला लॅब लागते. ज्यांना हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार आहे, पक्षाघात होऊन गेलाय, स्नायूंची दुर्बलता आहे, किंवा वेदनेसाठी अफूजन्य औषधं चालू आहेत, त्यांनी घरच्या तपासणीचा हट्ट धरू नये.

घरी तपासणी करायची ठरली तर चार गोष्टी लक्षात ठेवा. यंत्र आणणाऱ्याकडून दिवसाउजेडी एकदा लावून बघा. बोटाला नेलपॉलिश नको. त्या रात्री दारू नको, आणि झोपेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. निदान चार तासांची चांगली नोंद व्हायला हवी, नाहीतर रात्र वाया. मनगटावरचं घड्याळ शंका दाखवू शकतं, निदान करत नाही. आणि रिपोर्ट डॉक्टरांनी वाचल्याशिवाय कोणाच्या सांगण्यावरून मशीन विकत घेऊ नका.

मशीन म्हणजे सीपॅप. नाकावर मास्क लावून हवेच्या हलक्या दाबाने घसा उघडा ठेवायचा, ही युक्ती ऑस्ट्रेलियातले डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली जगापुढे मांडली. त्याआधी तीव्र रुग्णांच्या गळ्याला भोक पाडण्याची वेळ यायची. मला मास्कची सवय व्हायला तीन आठवडे लागले. नातू म्हणायचा, आबा पायलट झाले. आज माझी ब्लडप्रेशरची एक गोळी कमी झाली आहे आणि रात्री उठणं तीनवरून एकावर आलं आहे. सगळ्यांना मशीनच लागतं असं नाही. कोणाला वजन कमी करून, कुशीवर झोपून, दारू सोडूनही फरक पडतो.

भगिनींना एक विनंती. बाई घोरते हे आपल्याकडे घरात बोललं जात नाही, डॉक्टरांसमोर तर नाहीच. पाळी गेल्यानंतर स्त्रियांमध्ये हा आजार वाढतो. थकवा आला की ‘वयाचं आहे, रक्त कमी असेल’ म्हणून टॉनिक आणलं जातं. घरातल्या कर्त्या पुरुषांनी जरा रात्री कान उघडे ठेवावेत.

शेवटी माझा ठराव. कॅनडातल्या डॉ. फ्रान्सिस चुंग आणि सहकाऱ्यांनी २००८ साली आठ प्रश्नांची एक सोपी यादी दिली आहे. मोठ्याने घोरता का? दिवसा थकवा, झोप येते का? श्वास थांबताना कोणी पाहिलंय का? ब्लडप्रेशर आहे का? उंचीच्या मानाने वजन खूप जास्त आहे का? वय ५० च्या वर आहे का? गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त आहे का? पुरुष आहात का? तीन ‘हो’ आले तर डॉक्टरांशी बोला. पाच किंवा जास्त आले तर टाळाटाळ करू नका. येत्या रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये आपण हे प्रश्न एकमेकांना विचारू. महिला मंडळाच्या शिवणवर्गाची टेप गळे मोजायला उपयोगी पडेल. येताना एकटे येऊ नका, रात्री जो तुमचं घोरणं ऐकतो त्याला बरोबर आणा. खरा साक्षीदार तोच.

हा ठराव टाळ्यांनी मंजूर झाला, असं मी समजतो.