जंत गोडाने होत नाहीत
(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यान)



आरतीनंतर जंतांवर बोलणे म्हणजे प्रसादाची चव घालवणेच! पण "मोदक पुरे, जंत होतील" हे वाक्य आपल्या घरांत अजून ऐकू येते, म्हणून आम्ही हा विषय घेतला. जंत गोडाने होत नाहीत, मातीतून येतात.

गोल जंताची मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते. उघड्यावरच्या शौचातून ती मातीत मिसळतात, तिथे वर्षानुवर्षे टिकतात आणि न धुतलेल्या हातांतून, कोथिंबीर-मुळ्यावरून पोटात जातात. जंत १५ ते ३५ सेंटीमीटर वाढतो. थोडे असले तर कळतही नाही. पुष्कळ झाले की त्यांचा गुंता होऊन लहान मुलाचे आतडे बंद पडू शकते. कधी जंत पित्तनलिकेत शिरतो; मग असह्य कळा, ताप, कावीळ, स्वादुपिंडाला सूज.

पोट फुगले, कळा येऊन जाऊन येतात, हिरवी उलटी होते, शौच आणि वारा दोन्ही बंद, अशा वेळी एरंडेल नको, वावडिंग नको, जंताची गोळीही नको. तोंडाने काही न देता मुलाला थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. वेळेवर पोचल्यास पुष्कळदा सलाईन आणि नाकातली नळी एवढ्यावर भागते. उशीर झाला तर आतडे सडते.

ज्येष्ठांना नारू आठवत असेल. त्यावर ना लस होती, ना औषध. पाणी गाळून पिणे आणि पायऱ्यांच्या विहिरींत उतरणे थांबवणे, एवढ्यावर तो हटला. १९९६ नंतर देशात रुग्ण सापडला नाही आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. जंतांवर तर गोळीही आहे. २०१५ पासून राष्ट्रीय कृमिमुक्ती दिनी शाळा-अंगणवाड्यांत १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल मोफत मिळते.

"आमच्याकडे स्वच्छता आहे" म्हणून आपण ती नाकारतो. पण धार काय, देवास काय, नातवंडे आणि कामवाल्या ताईंची मुले एकाच मातीत खेळतात. दोघांनाही गोळी मिळाली का, हे या वर्षी प्रत्येक घराने विचारावे. गोळीनंतरही हात साबणाने धुवावेत, नखे कापावीत, बाहेर चप्पल घालावी.

आणि हात धुऊन मोदक खुशाल खावेत!

गणपती बाप्पा मोरया!