विजेचे कोठार

धान्याचा व्यापारी सुगीच्या दिवसांत माल विकत घेतो, तो कोठारात भरून ठेवतो आणि टंचाईच्या महिन्यांत बाहेर काढतो. विजेच्या बाबतीत अशी सोय दीर्घकाळ जवळजवळ नव्हतीच. वीज ज्या क्षणी निर्माण होते त्याच क्षणी ती वापरली जावी लागते. निर्मिती आणि मागणी यांचा तोल ढळला की प्रवाहाची वारंवारिता सेकंदाला ५० आवर्तनांपासून दूर सरकू लागते. तारांवरील भाराचा मेळ फारच सुटला, तर ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतात घडले त्याप्रमाणे जाळेच कोसळते. मग ज्या मालाची साठवण होत नाही त्याचा बाजार तरी कसा भरावा?

तरीही तो भरतो. २००३ च्या विद्युत कायद्याने व्यापाराला वाट मोकळी करून दिली आणि २००८ मध्ये भारतात विजेची विनिमय केंद्रे सुरू झाली. तेथे उद्याच्या दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा दर स्वतंत्रपणे ठरतो. जून २०२० पासून तासाभरापूर्वीच्या सौद्यांचाही बाजार आहे. देशातील बहुतांश वीज आजही दीर्घ मुदतीच्या करारांनीच विकली जाते, हे येथे विसरता कामा नये. तथापि टंचाईची खरी किंमत या लहानशा बाजारातच उघडी पडते. मार्च २०२२ मध्ये काही तुकड्यांचा दर युनिटला २० रुपयांपर्यंत चढला, तेव्हा केंद्रीय नियामक आयोगाला कमाल मर्यादा घालावी लागली. ती आधी १२ रुपये होती, एप्रिल २०२३ पासून १० रुपये झाली.

या दरांच्या चढउताराचे कारण राजस्थानात स्पष्ट दिसते. फलोदीजवळच्या भडला येथील सौर उद्यानाची क्षमता २,२४५ मेगावॅट आहे. दुपारी तेथे विजेचा पूर लोटतो. परंतु ज्या वसाहतीत विज्ञान उद्यान आहे त्या जयपूरच्या शास्त्री नगरासारख्या दाट वस्तीत जूनच्या रात्री पंखे आणि कूलर चालू राहतात ते सूर्य मावळल्यानंतरही. दगडी भिंती दिवसभराची उष्णता रात्री बाहेर टाकतात, सौर पटले मात्र त्या वेळी निद्रिस्त असतात. दुपारी वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग, असा हा विरोध आहे. दुपारची वीज वाहून नेण्यास पुरेशा तारा नसल्यामुळे २०२५ मध्ये राजस्थानातील सौर निर्मिती अनेकदा हेतुपुरस्सर रोखून धरावी लागली, म्हणजे पिकलेले धान्य शेतातच सोडून देण्यासारखा हा प्रकार झाला.

कोठाराची गरज येथे उत्पन्न होते. महाराष्ट्राला असे कोठार अपरिचित नाही. अकोले तालुक्यातील घाटघर येथे सह्याद्रीच्या माथ्यावर एक जलाशय आहे आणि शहापूर तालुक्यात कड्याच्या पायथ्याशी, चोंढे गावाजवळ, दुसरा. दोहोंमध्ये सुमारे ४०० मीटरांचा उतार आहे. वीज मुबलक असताना खालचे पाणी वर चढवावयाचे आणि वीज तोकडी पडू लागताच तेच पाणी खाली सोडून तीच यंत्रे उलट फिरवावयाची, एवढीच ही युक्ती. यास उदंचन म्हणतात. जपानी साहाय्याने उभारलेला २५० मेगावॅटचा हा प्रकल्प २००८ मध्ये कार्यान्वित झाला. त्याची कल्पना ज्या काळी मांडली गेली त्या काळी औष्णिक केंद्रांची रात्रीची अतिरिक्त वीज वापरून पाणी चढवावे असा हेतू होता. सूर्याने हे घड्याळच उलटे केले. आता स्वस्त वीज दुपारी मिळते, म्हणून अशा यंत्रांनी पाणी दिवसा चढवणे शहाणपणाचे ठरते. यंत्रे तीच, पाणीही तेच. बदलला तो केवळ बाजारभाव.

या व्यवहारात तोटा किती, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे. उदंचनात साधारणतः चार युनिट खर्च केले असता तीन परत मिळतात. दुपारी २ रुपयांनी चार युनिट घेतले तर ८ रुपये लागतात, आणि हे ८ रुपये तीन युनिटांतून वसूल व्हावयाचे असल्यास संध्याकाळचा दर २ रुपये ६७ पैशांहून अधिक हवा. धरण, बोगदा आणि यंत्रे यांच्या भांडवलाचे व्याज या हिशेबात अद्याप आलेलेच नाही. शिवाय जितकी कोठारे अधिक तितकी त्यांची दुपारची खरेदी दर वर ढकलते, संध्याकाळची विक्री तो खाली आणते, आणि ज्या फरकावर कोठार जगते तो फरक कोठारच खाऊन टाकते. ग्राहकाच्या दृष्टीने हे उत्तमच होय. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने मात्र हा पायाखालची जमीन सरकण्याचा प्रकार आहे. म्हणूनच केवळ दरफरकाच्या भरवशावर कोणी मोठा प्रकल्प उभारीत नाही. क्षमतेबद्दल ठरावीक मासिक आकार मागितला जातो आणि तो अखेरीस वीजबिलात शिरतो. उलट, संध्याकाळची बरीचशी साठवण एकाच मालकाच्या हाती गेली, तर ती राखून ठेवून भाव चढवण्याचा मोहही त्यास होणारच. धान्याच्या साठेबाजाविरुद्ध कायदे का करावे लागले हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा धोका वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

कोयनेची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथील सुमारे १,९६० मेगावॅटची यंत्रे काही मिनिटांत पूर्ण भार उचलतात आणि वर्षानुवर्षे तिन्हीसांजेची मागणी त्यांनीच सावरली. परंतु पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यास कृष्णा पाणीतंटा लवादाने वार्षिक ६७.५ अब्ज घनफूट ही मर्यादा घातली. पोफळीच्या बाजूस उतरलेले पाणी वाशिष्ठीतून समुद्रास मिळते, ते परत वर येत नाही. जानेवारीत उधळलेला प्रत्येक थेंब मे महिन्यात उणा पडणार. म्हणजे कोयना हे एकदाच भरणारे आणि जपून रिकामे करावयाचे कोठार होय, आणि तेथील युनिटची खरी किंमत आजच्या दराने नव्हे, तर उद्याच्या टंचाईने ठरते.

बॅटरीचे सामर्थ्य वेगळ्या ठिकाणी आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील हॉर्न्सडेल येथे २०१७ मध्ये १०० मेगावॅटची बॅटरी बसवली गेली. पूर्ण भाराने ती सव्वा तासाच्या आसपास पुरत असे. मात्र वारंवारिता घसरताच ती सेकंदाच्या अंशात धावून येई, आणि या सेवेचेच मोल बाजारात विलक्षण ठरले. बॅटरीस डोंगर लागत नाही, खोरेही बुडत नाही. तिचे आयुष्य मात्र धरणाच्या मानाने तोकडे आहे.

आणि खोरे बुडण्याचा प्रश्न महाराष्ट्रात जुना आहे. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये सत्याग्रह केला. तरीही धरण झाले आणि १९२७ मध्ये भिरा येथील वीजगृह सुरू झाले. पुढे तेथेच १५० मेगावॅटचा उदंचन संच जोडण्यात आला. ऑगस्ट २०२३ मध्ये शिरवटा व भिवपुरी येथे मिळून २,८०० मेगावॅटच्या उदंचनासाठी टाटा कंपनीने राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. जुन्या जलाशयांचा उपयोग करून घेतल्यास नवे विस्थापन कमी होते, हे खरे. परंतु अशा प्रस्तावांची संख्या वाढत असताना प्रत्येक ठिकाणी नवा जलाशय कोणाच्या शेतावर, कोणत्या जंगलावर येतो हे मेगावॅटच्या आकड्याआधी विचारले जावे.

कोठार बांधण्यापूर्वी मागणीच हलवता येते का, हेही पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्यास वर्षानुवर्षे कृषिपंपाची वीज रात्रीच्या पाळीत मिळत आली. बॅटरी हाती घेऊन, सापाविंचवाच्या भीतीने पाऊल जपून टाकीत त्याने पिकाला पाणी दिले, कारण दिवसा कारखान्यांना वीज हवी होती. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने गावाजवळच्या सौर प्रकल्पांतून दिवसा पंप चालवण्याचा मार्ग धरला. दुपारची वीज दुपारीच पाण्याच्या रूपाने विहिरीतून शेतात पोहोचली, तर ती कशात साठवावी हा प्रश्न तेवढ्यापुरता उरत नाही. उरतो तो शहरांतील संध्याकाळचा.