कोठाराच्या दाराशी



विमान प्रवासाच्या सुरक्षेची चर्चा बहुधा विमानतळाच्या आतच फिरत राहते. सामानाची तपासणी, कर्मचाऱ्यांचे ओळखपत्र, कॉकपिटचे दार, एवढ्यात ती संपते. कुंपणाबाहेरून, कोणालाही झडती न देता येणारा एक धोका मात्र आपण सहसा लष्कराच्या हवाली करून मोकळे होतो. तो म्हणजे खांद्यावरून डागायचे क्षेपणास्त्र. सगळा संच पंधरा-अठरा किलोंचा. एकटा माणूस तो वाहून नेतो आणि मोटारीच्या डिकीत तो सहज मावतो. इंजिनाच्या उष्णतेचा माग काढत हे क्षेपणास्त्र चार-पाच किलोमीटरवरचे विमान गाठते. वर चढणारे आणि खाली उतरणारे प्रवासी विमान नेमके त्याच टप्प्यात असते. या धोक्यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय शस्त्रकोठाराच्या दाराशी आहे, विमानात बसवायच्या यंत्रांकडे त्यानंतर वळावे, हे मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

आधी हे पाहू की आजवर मेले कोण. अमेरिकी परराष्ट्र खात्याने २०११मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार १९७५पासून अशा क्षेपणास्त्रांनी ४० नागरी विमानांचा वेध घेतला, त्यांतली सुमारे २८ कोसळली आणि ८००हून अधिक माणसे गेली. ही विमाने कुठली होती? १९७८च्या सप्टेंबरात आणि १९७९च्या फेब्रुवारीत ऱ्होडेशियात पाडलेली दोन व्हायकाउंट. १९९३मध्ये अबखाझियाच्या लढाईत सुखुमीला पाडलेली तुपोलेव्ह विमाने. ऑक्टोबर १९९८मध्ये काँगोतल्या किंडूजवळ पडलेले बोइंग ७२७, त्यात ४१ जण होते. लंडन, न्यूयॉर्क, टोकियो या यादीत नाहीत. यादवीने पोखरलेल्या देशांतली, जुनी विमाने चालवणाऱ्या छोट्या कंपन्यांची ही नावे आहेत.

आपल्या शेजारच्या श्रीलंकेतले एक उदाहरण मी थोडे सविस्तर सांगतो, कारण प्रश्नाची सगळी अंगे त्यात आहेत. २९ सप्टेंबर १९९८ रोजी लायनएअर कंपनीचे अँतोनोव्ह-२४ जाफन्याहून कोलंबोकडे निघाले. जाफन्याचा रस्ता युद्धाने तोडलेला, त्यामुळे सामान्य तमिळ कुटुंबांना दवाखान्यासाठी, परीक्षेसाठी, नातलगांसाठी आकाशमार्गच उरला होता. मन्नारच्या किनाऱ्याजवळ विमान नाहीसे झाले आणि ५५ माणसे त्याच्यासोबत गेली. बंडखोर तमिळ वाघांनी कंपनीला आधी धमकावले होते, तरी उड्डाणे चालू होती. समुद्रतळाशी अवशेष सापडले ते २०१२मध्ये, युद्ध संपून तीन वर्षे झाल्यावर. चौदा वर्षे त्या घरांना आपले माणूस गेले की कुठे कैदेत आहे, हेही ठाऊक नव्हते. ज्या तमिळांच्या नावाने वाघांनी ते क्षेपणास्त्र डागले, त्यांचेच बळी त्याने घेतले, हे विसरून या विषयावर बोलता येणार नाही.

जग खडबडून जागे झाले ते मात्र चार वर्षांनी. २८ नोव्हेंबर २००२ रोजी मोंबासाहून २६१ प्रवासी घेऊन तेल अवीवला निघालेल्या अर्किया कंपनीच्या बोइंग ७५७वर दोन स्ट्रेला-२ क्षेपणास्त्रे डागली गेली आणि दोन्ही चुकली. वर्षभराने, २२ नोव्हेंबर २००३ रोजी, बगदादहून उडालेल्या डीएचएलच्या मालवाहू एअरबस ए-३००च्या डाव्या पंखावर क्षेपणास्त्र आदळले. तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. तिघांच्या चमूने केवळ इंजिनांचा जोर कमीजास्त करत विमान वळवले आणि धावपट्टीवर आणले. वैमानिकी कौशल्याचा तो विलक्षण नमुना होता, पण कौशल्यावर धोरण उभे करता येत नाही. त्यानंतर विमानाच्या पोटाखाली लेझर बसवून क्षेपणास्त्राचा 'डोळा' भरकटवण्याच्या योजना पुढे आल्या. इस्रायलने त्या प्रत्यक्षात आणल्या. अमेरिकेत २००५मध्ये रँड या संशोधन संस्थेने हिशेब केला: ६,८०० विमानांना हे यंत्र बसवायला सुमारे ११ अब्ज डॉलर, आणि चालवायला दरवर्षी २.१ अब्ज. तूर्त सरसकट बसवू नये, असा तिचा निष्कर्ष होता. मला त्यापुढचा प्रश्न अधिक बोचतो. एवढे पैसे उभे राहिलेच, तर यंत्र बसेल अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानाला. जाफन्याच्या अँतोनोव्हला ते कधीच बसले नसते.

विमानतळाभोवती पहारा वाढवा, असे सुचवले जाते. वाढवावाच. पण उतरणारे विमान शेवटचे कित्येक किलोमीटर या शस्त्राच्या पल्ल्यात असते, आणि मुंबईसारख्या विमानतळाच्या कुंपणाला वस्ती भिडलेली आहे. इतक्या गच्च्यांवर आणि गल्ल्यांत पोलीस कुठून आणणार?

म्हणून मी कोठाराकडे वळतो. मोंबासाची क्षेपणास्त्रे सोमालियामार्गे केनियात शिरली. लिबियाच्या गद्दाफीने सुमारे २०,००० क्षेपणास्त्रे जमवली होती, आणि २०११मध्ये त्याची सत्ता ढासळताच कोठारे सताड उघडी पडली. कोठारे सांभाळण्याची रीत ठाऊक नाही असे नाही. शस्त्रनिर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या वासेनार गटाने २०००मध्ये नियम केले, २००३मध्ये ते कडक केले: नळकांडी आणि डागण्याचा दस्ता वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, प्रत्येक नगाचा क्रमांक नोंदवा, सरकारखेरीज कोणाला विकू नका. दस्त्याविना नळकांडे निकामी असते. लेझरच्या तुलनेत हा उपाय फुकटात पडतो.

आक्षेप येईल की जी क्षेपणास्त्रे सुटली, ती सुटली. त्यांचे काय? खरे आहे, सगळी परत मिळणार नाहीत. पण २००३पासून अमेरिकेच्या पुढाकाराने तीसहून अधिक देशांत ३२,०००हून जास्त नग नष्ट झाले, म्हणजे हे काम होते. शिवाय या शस्त्राची बॅटरी जेमतेम मिनिटभर चालते आणि साठ्यात तीही जुनी होते. हे जुने होणे धोका संपवत नाही, कमी करते. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: आक्रमणाला तोंड देणाऱ्या युक्रेनसारख्या देशाला हे शस्त्र नाकारायचे का? मी नाकारा म्हणत नाही, मोजा म्हणतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी जानेवारी २०२४मध्ये सांगितले की, युक्रेनला दिलेल्या, विशेष मोजदाद बंधनकारक असलेल्या एक अब्ज डॉलरहून अधिक किमतीच्या शस्त्रांची मोजणी वेळेत झालेली नाही. ती चोरीला गेली, असे अहवाल म्हणत नाही. पण युद्धाच्या धामधुमीत मोजणी मागे पडते, हे त्यातून दिसते. मदत देतानाच मोजणाऱ्यांचीही तरतूद हवी.

आणि आपण? भारत डिसेंबर २०१७मध्ये वासेनार गटात आला. आपल्या सैन्याकडे इग्ला ही खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रे आहेत, त्यांची नवी आवृत्ती इग्ला-एसही आली आहे, आपली संरक्षण संशोधन संस्था स्वतःचे क्षेपणास्त्र विकसित करत आहे. उद्या आपण ते निर्यातही करू. तेव्हा माझी या परिषदेला दोन ठरावांची विनंती आहे. निर्यातीच्या प्रत्येक करारात दस्ते वेगळे ठेवण्याची आणि क्रमांकनिहाय तपासणीची अट भारताने घालावी. आणि जिथे लढाई पेटली आहे तिथून उडायचे की नाही, हा निर्णय लायनएअरसारख्या एकट्या कंपनीच्या गल्ल्यावर सोडू नये. विमान वाहतूक महासंचालनालयाने तो लेखी घ्यावा, आणि उड्डाण थांबले तर तिथे अडकलेल्या लोकांसाठी जहाजाची किंवा रस्त्याची सोय त्याच आदेशात लिहावी.