घुमटाच्या भेगा आणि आपला सज्जा
(महोत्सवी सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी पूर्वजांचे गुणगान करावे, असा प्रघात आहे. ते काम इतर वक्ते आमच्याहून अधिक रसाळपणे करतील. आम्ही मात्र दगड, लोखंड व सिमेंट ह्यांविषयी बोलणार आहोत; आणि देवमंदिरातील गायनवर्गाचा सज्जा ऐन महोत्सवात बंद का ठेवला, ह्याचा हिशेब देणार आहोत.

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा, असे प्रभूने दृष्टान्तात सुचविले आहे. तो खर्च केवळ रुपयांचा नव्हे. काय मोडू शकेल, आणि मोडल्यास कोणाच्या मस्तकी पडेल, हाही त्या हिशेबातील एक रकानाच होय.

फ्रान्स देशातील बोव्हे येथील कॅथीड्रलात हा रकाना कोरा राहिला. तेथील सुमारे ४८ मीटर उंचीच्या कमानी १२८४ साली ढासळल्या. त्या पुन्हा उभारल्या गेल्या. पुढे १५६९ साली सुमारे १५० मीटर उंचीचा मनोराही पुरा झाला. १५७१ साली जाणत्या गवंड्यांनी तपासणी करून खांब कलत असल्याचे सांगितले. परंतु उपाय लांबणीवर पडला. १५७३ साली प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणी मिरवणूक बाहेर पडली आणि मागे मनोरा कोसळला. माणसे देवाच्या कृपेने वाचली, हे खरेच. पण तीच कृपा दोन वर्षांपूर्वी गवंड्यांच्या मुखाने बोलली होती, हे विसरू नये.

आता रोमकडे वळू. संत पेत्राच्या महामंदिराचा घुमट मायकेलअँजेलोच्या मृत्यूनंतर, १५९० साली, पुरा झाला. पुढे त्यात भेगा दिसू लागल्या. १७४२ साली पोप चौदावे बेनेडिक्ट ह्यांनी तीन गणितज्ञ धर्मगुरूंना तपासणी सांगितली: येशूसंघाचे बोस्कोविच आणि मिनिम संघाचे ल स्यूर व जाकिये. घुमटाचा बाहेरचा रेटा त्याला आवळणाऱ्या लोखंडी कड्यांच्या बळाहून फार अधिक आहे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. गणिताविना बांधलेल्या इमारतीला आता गणित कशाला, असा आक्षेपही काहींनी घेतला.

पोपमहाराजांनी अहवाल दडपला नाही, अथवा घाबरून घुमटही उतरविला नाही. त्यांनी पादुआचे प्राध्यापक पोलेनी ह्यांना बोलाविले. पोलेनींनी एक साखळी टांगली व घुमटाच्या प्रत्येक भागाच्या भाराच्या प्रमाणात तिला वजने लाविली. टांगलेल्या साखळीत केवळ ताण असतो. तीच आकृती उलटी केली की केवळ दाब उरतो. ती उलटी रेषा घुमटाच्या जाडीच्या आत बसली. अर्थात भेगा असूनही घुमट उभा राहण्याजोगा होता. तरीही त्यांनी नवी कडी घालण्याचा सल्ला दिला. १७४३ व १७४४ साली व्हानव्हितेल्लीच्या देखरेखीखाली पाच कडी बसली. पुढे एक जुने कडे तुटलेले आढळले, तेव्हा १७४८ साली सहावे बसविले. घुमट आजही उभा आहे.

ह्यातून आम्ही एवढेच घेतले: भेग ही साक्षीदार आहे, तिचे तोंड बंद करू नये, एकाच्या मतावर विसंबू नये, आणि सुरक्षित आहे असे ठरल्यावरही पाहणी सोडू नये.

आता आमची कबुली. दोन पावसाळ्यांपूर्वी सज्जाच्या खालच्या अंगास भेग दिसली, तेव्हा आम्ही तिच्यावर गिलावा करविला. महोत्सव जवळ आला होता. भिंत देखणी दिसावी, एवढेच आमच्या मनी होते. भेग पुन्हा उमटली, ह्या वेळी गंजाचा तांबूस डाग घेऊन. गायनवर्गातील एका मुलाच्या आईने आम्हांस विचारले, “फादर, हे पडणार तर नाही ना?” आम्हांपाशी उत्तर नव्हते. उत्तर नसताना मुले वर चढविणे हे पाप आहे, असे आम्हांस वाटते.

इंजिनियर आले. त्यांनी हातोडीने ठोकून पाहिले; कित्येक ठिकाणी आवाज पोकळ आला. भेगेवर काचेची पट्टी चिकटविली आहे. भेग हलली तर काच तडकेल. बांधकामाच्या वेळी काँक्रीटचे १५ सेंटीमीटरचे ठोकळे करून २८ दिवसांनी दाबून पाहावयाचे असतात. तसा एकही कागद आपल्या दप्तरात नाही. म्हणून आधी दुरुस्ती, आणि मग भारपरीक्षा. सज्जा माणसांनी भरला असता जेवढा भार धरतात, त्याच्या सव्वापट वाळूच्या गोण्या २४ तास ठेवून तो किती वाकतो हे मोजतील. गोण्या काढल्यावर २४ तासांत तो निदान तीन-चतुर्थांश परत उठला पाहिजे.

ह्यास पैसा लागेल. दर्शनी भागाच्या रंगासाठी आपण दिलेली वर्गणी ह्या कामी लावावी, अशी आमची विनंती आहे. परीक्षेचा निकाल, तो कसाही असो, मंदिराच्या दाराशी लावला जाईल.

आज गायनवर्ग खाली, आपल्यामध्ये उभा राहून गाणार आहे. सूर कदाचित मागच्या बाकांपर्यंत नीट पोहोचणार नाहीत. तेवढे आपण सर्वांनी मिळून गाऊन भरून काढावे. देव आपले कल्याण करो.