पाच दिवसांचा शेक

तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडाचं काय करतो, हे दिग्रसच्या सभागृहात मी सांगायला नको. गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, तेही आपण जाणता. मला बोलायचंय तोंडाच्या कर्करोगाच्या पुढच्या टप्प्यावर. गालातली गाठ बाहेर फुटलीय, जखमेला वास येतोय, घास उतरत नाही, आणि डॉक्टर सांगतात की आजार आता पुरता जाणार नाही. घरचे विचारतात, मग काहीच होत नाही का? होतं. शेक, म्हणजे किरणोपचार, देता येतो, आणि तो किती दिवसांत संपतो याला मी औषधाइतकंच महत्त्व देतो.

रोग बरा करायचा असेल तेव्हा रोज २ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप), आठवड्याला पाच दिवस, असा ६६ ते ७० ग्रे शेक देतात. त्याला साडेसहा-सात आठवडे लागतात. आरामासाठीचा शेक वेगळा. दिल्लीच्या एम्सने २००४ साली ५०५ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला, त्यात पाच दिवसांत २० ग्रे दिले होते. पुष्कळांचं दुखणं उतरलं, गिळणं सुधारलं, आणि ज्यांना चांगला गुण आला त्यांपैकी काहींना पुढे आणखी शेक देता आला. आणखी एका पद्धतीत दोन दिवसांत चार वेळा मिळून १४ ग्रे देतात आणि महिनाभराने तेच पुन्हा. आता प्रश्न असा की, एवढं लवकर उरकत असेल तर सगळ्यांनाच असं का देत नाहीत? इथे जरा थांबावं लागेल. एका वेळचा डोस वाढला की जबड्याचं हाड, नसा, कातडीखालचा भाग यांना इजा होते. ती लगेच दिसत नाही, महिन्यांनी, कधी वर्षांनी दिसते. ज्याला पुढे वीस वर्षं जगायचंय, त्याच्यासाठी डोस बारीक वाटून देणंच योग्य. ज्याच्या हाती काही महिने आहेत, त्याच्यावर ती उशिराची इजा येण्याची शक्यता कमी. उलट लांब शेकाने तोंडभर येणारे फोड त्याचे तेच थोडे महिने खाऊन टाकतात.

मागच्या रांगेतली कुजबुज कळतेय मला: खेड्यातल्या माणसाला कमी उपचार देऊन वाटेला लावायचं का? अजिबात नाही. जो बरा होऊ शकतो त्याचा शेक एक दिवसही चुकू नये; खंड पडला की गाठीला वाढायला फुरसत मिळते. गरीब आहे म्हणून कोणाचा शेक आखडता घेणं हा अन्यायच. आजार कुठवर पोचलाय, अंगात किती ताकद आहे, हे तपासून शस्त्रक्रियेचे आणि शेकाचे डॉक्टर मिळून ठरवतात, आणि ते तसंच ठरावं. पण बरं होणं शक्य नाही हे ठरल्यावर शेकासाठी नागपूर-वर्ध्याच्या खेपा हासुद्धा उपचाराचा त्रासच आहे, आणि तो कागदावर मांडला गेला पाहिजे. महात्मा फुले योजनेतून उपचाराचा खर्च निघेल. सोबतच्या मुलाची कापूस वेचणीतली बुडालेली मजुरी कोण भरून देणार?

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, मॉर्फिनचा भाग सोडावा लागतोय. एवढंच सांगतो की वेदनेसाठी ते शेकाबरोबरच हवं, कारण शेकाचा गुण यायला दोन-चार आठवडे लागू शकतात. श्रोत्यांतून प्रश्न आलाय, जखमेतून येणारं रक्त शेकाने थांबतं का? बहुतेकदा थांबतं, आणि दुखणं उतरण्याआधी, काही दिवसांतच. म्हणून रक्त येऊ लागलं की पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी निघा.